मंगळवार-शुक्रवारचं लोखंड

आरसा पडला तेव्हा पेशंटचं तोंड उघडं होतं, त्यामुळे त्याला काही बोलता आलं नाही.

दातांच्या डॉक्टरकडे असतो तसाच तो आरसा, लांब दांडीचा, नाण्याएवढा. डॉक्टरच्या हातून निसटला आणि खुर्चीच्या पायाला टेकून थांबला. तिचं वय तेहतीस. त्यातली अकरा वर्षं तिने रोज आठ तास लोकांच्या तोंडात डोकावत, उजवीकडे वाकून काढली होती. आरसा उचलायला ती खाली झुकली आणि निम्म्या वाटेत अडकली. कमरेला कुणीतरी कुलूप घातल्यासारखं झालं. खालीही जाता येईना, वरही येता येईना. तिने एका हाताने खुर्चीची कड धरली आणि चेहरा जमेल तितका शांत ठेवला.

पेशंट पस्तिशीचा होता. उन्हाने रापलेला, रुंद पंजांचा, गालात कापूस, अर्धा ओठ बधिर. माणूस भला असावा, कारण तो लगेच उठला आणि आरसा उचलायला वाकला. मग तोही निम्म्या वाटेत थांबला.

क्षणभर दोघं तशीच समोरासमोर, दोन काटकोन. मधे आरसा.

"तुमचीही?" तिने विचारलं.

"फाच वर्फं," तो म्हणाला. पाच वर्षं, असं म्हणायचं असावं.

"माझी सहा."

शेजारच्या खोलीत हत्यारं उकळत ठेवणाऱ्या मावशी आत आल्या. दहा वर्षांच्या नोकरीत त्यांनी बरंच काही पाहिलं होतं, हे नव्हतं. त्यांनी वाकून आरसा उचलला, धुवायला टाकला, आधी डॉक्टरला सरळ केलं आणि मग पेशंटला. "आता कुणी काही पाडू नका," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

दाढ भरून झाली. तरी तो माणूस लगेच गेला नाही. शर्टाच्या खिशातून त्याने चार घड्या घातलेला कागद काढला. घड्यांवर कागद फाटायला आला होता.

"या एक बाई आहेत," तो म्हणाला. ओठ आता थोडा ताळ्यावर आला होता. "जुन्या पाठदुखीवर वजनं उचलायला लावतात."

"दुखऱ्या पाठीवर वजनं?"

"पाठीवर नाही. हातात."

"आणि तुम्ही उचलता?"

"अजून तरी नाही. तीन आठवडे हा कागद खिशात आहे. दोनदा दारापर्यंत जाऊन आलो."

"दारातूनच परत?"

"आतून लोखंड आपटल्याचा आवाज येत होता, डॉक्टर."

ती हसली नाही, पण हसू आवरायला तिला रुमाल शोधावा लागला. "काम काय करता तुम्ही?"

"मधमाश्या पाळतो."

"असं. म्हणजे माझा दवाखाना चालतो तो तुमच्यासारख्यांच्या जिवावर."

"माझी दाढ मधाने नाही किडली. मला चहात साखर जास्त लागते."

"मधवाल्याच्या चहात साखर?"

"मध विकायला असतो," तो गंभीरपणे म्हणाला.

तिने पत्ता उतरवून घेतला. मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी सहा.

"तुम्ही येणार असाल तर मी आतपर्यंत जाईन," तो दाराशी थांबून म्हणाला.

"मी येते असं म्हटलेलं नाही."

"मीही नाही म्हटलं," तो म्हणाला, आणि गेला.

घरी ती आणि तिचे बाबा, दोघंच. बाबा जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. ताई दोन गल्ल्या सोडून राहायची आणि दिवसातून एकदा तरी डोकावून जायची. गेल्या सहा वर्षांत त्या घराने एक शिस्त अंगी बाणवली होती. धाकटीने वाकायचं नाही. खालच्या कप्प्यातलं सगळं सामान वरच्या कप्प्यात गेलं होतं. बादली भरायची, गादी उलटायची, पडलेलं उचलायचं, यातलं काहीही तिच्यापर्यंत पोचायच्या आत कुणीतरी करून टाकायचं. रोज सकाळी दवाखान्यात निघताना ती खुर्चीत बसायची आणि बाबा खाली बसून तिच्या बुटांच्या नाड्या बांधायचे. बाबांचं वय अडुसष्ट. खाली बसताना त्यांचे गुडघे वाजायचे. तो आवाज दोघांनाही ऐकू यायचा आणि त्याबद्दल दोघंही कधी बोलायचे नाहीत.

या घराला आणखी एका गोष्टीबद्दल बोलायची सवय नव्हती. चार वर्षांपूर्वी तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा चांगला होता, स्थळ चांगलं होतं, नाही म्हणायला कुणाकडे कारण नव्हतं. तरी तिने नाही म्हटलं. लग्नाला दोन महिने असताना ती पाठदुखीने आठ दिवस बिछान्याला खिळली, आणि उठली ती नकार ठरवूनच. का, ते तिने त्या मुलाला सांगितलं नाही. त्याला वाटलं आपण आवडलो नाही. तेच बरं, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

शुक्रवारी सहाला पाच कमी असताना ती पत्त्यावर पोचली तेव्हा मधवाला फाटकाबाहेर उभा होता.

"आवाज येतोय आतून," तो म्हणाला.

"येतोय खरा," ती म्हणाली, आणि दार ढकललं.

पूर्वी ते मोटारींचं गॅरेज असणार. जमिनीवर काळे रबरी पट्टे, भिंतीला लोखंडाच्या चकत्या टांगलेल्या, एक लांब बार, एक मोठा आरसा. हवेत लोखंडाचा आणि खडूच्या भुकटीचा वास. बाई पन्नाशीच्या, बुटक्या, मानेपासून खांद्यापर्यंत ठासून भरलेल्या. तरुणपणी वजन उचलण्याच्या स्पर्धांत उतरलेल्या, मग फिजिओथेरपी शिकलेल्या. त्यांनी दोघांचे एमआरआय दिव्यासमोर धरले, पाहिले आणि बाकावर ठेवून दिले.

"हा मणक्याचा फोटो आहे, तुमचा नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या वयाच्या धडधाकट लोकांचे काढले तरी यातलं बरंच काही त्यांच्यात निघेल. दुखतंय ते खरंच दुखतंय, मी नाही म्हणत नाही. पण दुखतंय म्हणजे मोडतंय, असं नसतं. इतकी वर्षं तुम्ही पाठीला जपलंत, म्हणून ती हलकं कामसुद्धा विसरलीय. तिला पुन्हा शिकवायचं. आहे काय त्यात."

मग त्यांनी वाकायला शिकवलं. सहा वर्षं न वाकलेली बाई आणि पाच वर्षं चुकीचा वाकणारा बुवा, दोघं आरशासमोर उभे.

"कमरेतून नाही, खुब्यातून वाकायचं. समजा दोन्ही हातांत सामान आहे आणि मागचं दार लावायचंय. कशाने लावाल?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं. मोठ्याने कुणीच म्हटलं नाही.

"तेच," बाई म्हणाल्या. "लावा दार."

त्या दिवशी तिला आठ किलोचा गोळा मिळाला. जमिनीवरून उचलायचा, सरळ उभं राहायचं, पुन्हा ठेवायचा. दहापैकी तीन इतकं दुखलं तर चालेल, पाचवर गेलं की थांबायचं, असा बाईंचा नियम. तिचं अडीच दुखलं. गोळा हातात घेऊन ती सरळ उभी राहिली तेव्हा आरशात मागे मधवाला दिसला. तो तिच्याकडे बघत होता.

"काय बघताय?"

"बाईंनीच सांगितलंय. एकाने उचलायचं, दुसऱ्याने मोजायचं आणि पाठ वाकडी होते का ते बघायचं." मग जरा थांबून म्हणाला, "पाठच बघतोय."

"बघत राहा," ती म्हणाली. "चौथ्यांदा झालं. मोजणारे तुम्ही ना?"

आठाचे बारा झाले, बाराचे वीस. मग गोळा गेला आणि बार आला. बार एकच होता, म्हणून पाळीपाळीने. तिची पाळी झाली की तो चकत्या चढवायचा, त्याची झाली की ती उतरवायची. मधल्या दोन मिनिटांच्या विश्रांतीत दोघं बाकावर बसायचे, आणि बहुतेक बोलणं त्या दोन-दोन मिनिटांतच झालं. दोन मिनिटांत फार खोलात जाता येत नाही. तेच बरं होतं.

"तुम्हाला माशा चावत नाहीत?"

"चावतात की."

"मग?"

"मग दुखतं. लोकांच्या तोंडात बोटं घालता, तुम्हाला नाही कुणी चावत?"

"मुलं चावतात. एकदा एक न्यायाधीश चावले होते."

"चूक कुणाची?"

"निकाल त्यांच्या बाजूने लागला असता, म्हणून मी विचारलंच नाही."

तो हसायचा तेव्हा आधी डोळे हसायचे, मग बाकीचा चेहरा त्यांच्या मागे जायचा. हे तिच्या लक्षात आलं, आणि आपल्या लक्षात आलंय हेही लक्षात आलं. तिने त्यावर फार विचार केला नाही. मंगळवार आणि शुक्रवारच्या मधले दिवस लांबत चालले होते, पण दिवस लांबतातच, असं तिने स्वतःला सांगितलं.

सहाव्या आठवड्यातल्या एका सकाळी बाबा नेहमीप्रमाणे नाड्या बांधायला आले, तर बूट आधीच बांधलेले. ती उभी राहून किल्ल्या शोधत होती. बाबांनी वर्तमानपत्र उचललं, ठेवलं, चष्मा पुसला. "घट्ट झाल्यात ना?" त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्या वेळेला ते गच्चीत जाऊन झाडांना पाणी घालायला लागले. पुढे तो त्यांचा रिवाजच झाला.

आठव्या आठवड्यात पाठ गेली.

काही उचलताना नाही, काही पडल्यावर नाही. रविवारी सकाळी दात घासताना ती जरा पुढे झुकली आणि जुनं कुलूप लागलं. बाबांनी तिला बिछान्यापर्यंत आणलं. ताई गरम पाण्याची पिशवी घेऊन आली आणि आल्या-आल्या म्हणाली, "त्या लोखंडानेच केलं हे. मी आधीच सांगत होते."

छताकडे बघत धाकटी हिशोब करत होती, आठ आठवड्यांत मिळवलेलं एका सकाळी गेलं असेल तर पुन्हा आठ आठवडे कोण देणार. मंगळवारी ती गेली नाही. बुधवारी दुपारी दारावरची घंटा वाजली आणि बाबांनी एका अनोळखी, रुंद पंजांच्या माणसाला आत आणलं. त्याच्या हातात मधाची बरणी होती.

"दातांच्या डॉक्टरला मध आणलाय," तो म्हणाला. "म्हणजे पोलिसाच्या घरी चोरीचा माल पोचवल्यासारखं आहे."

"ठेवा तिथे. पंचनामा नंतर करते," ती पडल्या-पडल्या म्हणाली. चार दिवसांत ती पहिल्यांदाच धड एक वाक्य बोलली, हे बाबांच्या लक्षात आलं. ते चहा टाकायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

तो खुर्ची ओढून बसला. "बाईंचा निरोप आहे. शुक्रवारी यायचं. नुसता बार, वर काही नाही. असं मधून मधून होणारच, म्हणाल्या. याचा अर्थ सगळं वाया गेलं असा होत नाही."

"तुम्हाला पटतं?"

"मला..." तो थांबला. बोटं एकमेकांत अडकवली, सोडवली. "मागच्या साली पेट्या हलवताना माझी पाठ अशीच गेली. हातात भरलेली पेटी होती. पडली, फुटली. आतली सगळी वस्ती उधळली. राणीमाशी कुठे गेली ते सापडलं नाही. मी तिथेच शेतात आडवा, वर माशांचा ढग. दादाने तोंडाला फडकं गुंडाळून मला ओढून काढलं. तेव्हा तो म्हणाला, पुढच्या साली तुझं तुला जमलं तर पेट्या तुझ्या. नाही जमलं तर विकून टाक आणि माझ्या दुकानात बस." त्याने तिच्याकडे पाहिलं. "महिन्याभरात मोहरीचा फुलोरा संपेल. मग बेचाळीस पेट्या सूर्यफुलांकडे न्यायच्या. म्हणून मला पटवूनच घ्यायला लागतं, डॉक्टर."

चहा आला. तिने कोपरांवर भार देऊन उठून बसायचा प्रयत्न केला. बाबा धावले. तो मात्र खुर्चीतून हलला नाही, फक्त चहाचा कप तिच्या हाताला लागेल असा सरकवून ठेवला. ती आपली आपण उठून बसली.

शुक्रवारी ती गेली. रिकामा बार उचलायलाही तिच्या कपाळावर घाम आला. पण शनिवारी सकाळी दुखणं वाढलेलं नव्हतं, आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत ती पुन्हा तीस किलोवर होती. तिथेच भांडण झालं.

त्या दिवशी आठ वेळा उचलायचं होतं. तो मोजत होता. चार, पाच, सहा, आठ.

तिने बार खाली ठेवला नाही. "सात कुठे गेलं?"

"झालं की. आठ झाले."

"सात झाले. मी उचलतेय, मला माहीत आहे." तिने बार आपटला. बाईंनी कोपऱ्यातून वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. "का?"

"तुमचा चेहरा..." तो म्हणाला. "दुखत होतं तुम्हाला. एक कमी झालं तर काय बिघडतं."

"माझ्या घरी सगळे हेच करतात," ती म्हणाली. आवाज तिने चढवला नाही, त्यामुळे तो जास्तच लागला. "सहा वर्षं माझ्या वाटणीचं सगळे जण कमी करून ठेवतात, प्रेमाने. मीसुद्धा तेच केलं. ज्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं, त्याच्या वाट्याला दुखणं येऊ नये म्हणून मी त्याला न विचारता त्याच्यावतीने नकार देऊन टाकला. त्याला काय वाटलं असेल ते मला आज कळतंय. मला वाटलं होतं, निदान इथे एक माणूस आहे जो सरळ मोजतो."

त्याने वाकून बार जागेवर सरकवला. तिने बूट बदलले आणि ती निघून गेली.

मंगळवारी ती आली तेव्हा तो आधीच आलेला होता. चकत्या चढवलेल्या होत्या, तीस नाही, पस्तीस. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"बाईंना विचारून चढवल्यात," तो म्हणाला. "आठ वेळा."

तो मोजत होता. पाचव्याला तिचे हात थरथरायला लागले. त्याने आवाजात ना दया आणली ना हुरूप. गाडीची वेळ सांगावी तसा तो आकडे सांगत गेला. सहा. सात. सातनंतर ती बराच वेळ श्वास घेत उभी राहिली. तो थांबला, पण पुढे गेला नाही. आठ.

बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "छान मोजता की."

"शिकतोय," तो म्हणाला. त्याच्या तळहातांवर खडू होता, तिच्याही. बाकावर दोघांच्या मधे एक पांढरा हात उमटला होता. कुणाचा ते सांगता आलं नसतं. "पुढच्या गुरुवारी पहाटे निघतोय. सूर्यफुलं तीन महिने चालतात. कधी साडेतीन."

"बरं," ती म्हणाली.

"तिकडे असं लोखंड नाही. बाईंनी दोन पोत्यांत वाळू भरून उचलायला सांगितलीय."

"मोजायला कुणी आहे?"

"नाही."

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं... पण दोन मिनिटं संपली होती. बाईंनी टाळी वाजवली आणि तो बारकडे गेला.

गुरुवारी ती पाचच्या आधीच उठली. बाबा जागेच होते.

"निरोप द्यायला चाललीस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग व्यायामाचे बूट कशाला घातलेस?"

ती नाड्या पुन्हा घट्ट करायला वाकली. बाबांनी कपाटातून आपले मोजणीच्या कामाचे जुने चामडी हातमोजे काढून तिच्यासमोर ठेवले आणि झाडांना पाणी घालायला निघून गेले.

पहिल्या बसने ती शहराबाहेर, पेट्या ठेवल्या होत्या त्या शेताशी उतरली. मोहरीची फुलं गळून शेंगा धरल्या होत्या आणि शेतावर गुडघाभर धुकं होतं. ट्रक बांधाला लावलेला. ड्रायव्हर काचा वर करून, दारं आतून लावून केबिनमध्ये बसला होता. माशांशी आपला काही संबंध नाही, असं त्याने आधीच बजावून ठेवलं होतं. ठरवलेला मजूर पेट्यांमधून येणारा गुंजारव ऐकून आल्या पावली परत गेला होता. मधवाला एकटाच होता. त्याने नऊ पेट्या चढवल्या होत्या. दहावी चढवायच्या आधी तो बाईंनी शिकवलं होतं तसा, सावकाश श्वास घेत उभा होता. पूर्वेकडे उजाडायला लागलं होतं. पेट्यांची दारं जाळीने बंद केलेली. ऊन चढलं की आतल्या माशा गुदमरणार.

त्याने तिला पाहिलं. "तुम्ही... तुमची पा—" एवढं बोलला आणि थांबला. उरलेला शब्द त्याने गिळला. "त्या बाजूची मूठ धरा," तो म्हणाला. "गुडघे सैल. मी तीन म्हटलं की."

तिने हातमोजे चढवले. खुब्यातून वाकली, मूठ धरली. तीन म्हटल्यावर पेटी उचलली गेली. पेटी जड होती, आणि आतून उबदार, आणि सगळी थरथरत होती, झोपलेल्या मोठ्या जनावरासारखी. तिच्या हातांतून तो थरथराट थेट दातांपर्यंत पोचला. दोघं तोलून चालले, ट्रकच्या फळीवर पेटी टेकवली, आत सरकवली आणि परत आले.

मग बोलणं झालं नाही, श्वास पुरत नव्हता. विसाव्या पेटीला तिची पाठ दोनवर होती, तिसाव्याला तीनवर. मधे दोनदा त्यांनी पेटी खाली टेकवून दम घेतला, एकदा तिच्यासाठी, एकदा त्याच्यासाठी. कुणासाठी ते दोघांनाही माहीत होतं आणि कुणीही माफी मागितली नाही. एक माशी जाळीतून निसटून तिच्या मनगटाला चावली. त्याने नखाने काटा खरवडून काढला आणि हात लगेच सोडला नाही. मग सोडला.

शेवटची पेटी चढली तेव्हा सूर्य पुरता वर आला होता. त्याने पट्टे आवळले. ती ट्रकच्या मागच्या फळीवर बसली, हातमोजे काढले.

"एक सांगायचंय," ती म्हणाली. "मधे बोलू नकोस."

तो पट्टा हातात धरून तसाच उभा राहिला. 'नकोस' त्याने ऐकलं होतं.

"माझी पाठ कधी पूर्ण बरी होणार नाही. चांगली राहील, पण मधून मधून चार दिवस जातील. ही गोष्ट मी पूर्वी एकापासून लपवली आणि त्याचं मीच ठरवून टाकलं. तुझं मी काही ठरवणार नाही. मला तू आवडतोस. बऱ्याच दिवसांपासून. माझं सांगून झालं, आता तुझं तू बघ."

त्याने पट्ट्याचं टोक खोचलं.

"मी ठरवलं होतं," तो म्हणाला, "सूर्यफुलांवरून आल्यावर विचारायचं. तोवर साठ किलो उचलायला यायला पाहिजे असं मनाशी घेतलं होतं."

"साठ का?"

"असंच... तुमचं वजन साधारण तेवढं असेल, असा अंदाज होता."

"चोपन्न," ती थंडपणे म्हणाली.

"चोपन्न?" त्याचे डोळे हसायला लागले. "चोपन्न तर मी परवाच उचलले."

"आज नको. बेचाळीस झाल्यात."

"आज नको," त्याने कबूल केलं. मग तो तिच्या शेजारी फळीवर येऊन बसला, खांद्याला खांदा टेकेल इतका जवळ. दोघांचेही श्वास अजून खाली आले नव्हते. पाठीमागे बेचाळीस पेट्या गुणगुणत होत्या. "मलाही," तो हळूच म्हणाला. "त्या दिवशी खुर्चीतून उठलो ना, तेव्हापासूनच. तोंड बधिर होतं म्हणून राहिलं सांगायचं."

ड्रायव्हरने काच दोन बोटं खाली केली. "माशा चढल्या," तो म्हणाला. "माणसं कधी चढणार? ऊन वाढतंय."

ट्रक तिकडे पोचल्यावर पेट्या उतरवायच्याही होत्या, आणि तिथेही मजूर मिळेल याची खात्री नव्हती. हा विचार दोघांना एकाच वेळी आला. बोलून कुणीच दाखवला नाही. तिने फोन काढून मावशींना लावला.

"मावशी, आजचे सगळे पेशंट उद्यावर घ्याल?"

"पाठ का?" मावशींनी काळजीने विचारलं.

"नाही. पाठ ठीक आहे. मी जरा बाहेरगावी चाललेय. रात्रीपर्यंत येते."

पलीकडे नोंदवहीची पानं उलटल्याचा आवाज आला. "बरं," मावशी म्हणाल्या. "बाहेरगावी जा."

केबिनचं दार उघडून तो बाजूला उभा राहिला. पायरी उंच होती. हात पुढे करावा की नाही, या विचारात तो पडलेला तिला दिसला. शेवटी त्याने हात पुढे केला, आणि तिने तो धरला, गरज नसताना.

"तू..." तो म्हणाला. पहिल्यांदाच म्हणत होता, म्हणून जरा अडखळला. "तू खिडकीशी बस."